संक्रांतीपासून उलटं मोजायचं

बेळगावात घरी संक्रांतीचा काटेरी हलवा करायचा ठरला की थंडीतलं बाकी सगळं त्याच्या आगंमागं बसवावं लागतं. संक्रांत १४ जानेवारीला, एखाद्या साली १५ला. हलव्याचे दागिने ओवायला चार-पाच संध्याकाळी जातात. त्याआधी हलवा फुलवायला तीन-चार सकाळी, आणि फुललेला हलवा कडक व्हायला एक-दोन दिवस. म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात परात शेगडीवर चढायलाच हवी. त्याच्या अलीकडं नाताळ, नाताळाच्या आगंमागं कधीतरी वेळ अमावास्या, आणि डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. ते चालू असताना हलग्याच्या बाजूनं शहराबाहेर पडायचा बेत करू नये. मोर्चे, नाकाबंदी आणि पाहुण्यांनी भरलेले लॉज. ते दिवस येळ्ळूर, जांबोटी, खानापूर अशा भटकंतीला ठेवावेत.

डिसेंबरात ‘कुठंतरी जाऊया की’ असं घरातल्या दोघांपैकी एकानं म्हटलं, की बेळगावची गाडी चोर्ला घाटाकडं वळते. वर्षअखेरीला तरी वळू नये. घाटात गाड्यांची रांग, गोव्यात खोल्यांचे दर चढलेले, आणि परतताना हातात काजूची पाकिटं, जी बेळगावच्या बाजारातही मिळतात. त्यापेक्षा थंडीतली प्रत्येक फेरी अशी काढावी, की जाताना डबा न्यायचा आणि येताना कच्चा माल आणायचा. मग तो घरी दोघांनी मिळून कुणाला तरी देण्याजोगा करायचा. जिल्ह्याचा नकाशाच त्याला सोयीचा आहे. नैर्ऋत्येला माती आणि जंगल, उत्तरेला ऊस नि मिरची, पूर्वेला जोंधळा नि शेंगा.

खानापूर २५ किलोमीटरच्या आसपास, लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वेनंही जाता येतं. तिथली तांबडी माती, कौलं आणि मडकी नावाजलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. संक्रांतीची सुगडं याच फेरीत घ्यावीत. ऐन सणाच्या आदल्या दिवशी बाजारात येणारी बरीचशी सुगडं घाईत भाजलेली असतात. टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर पक्कं, ठस्स आला तर कच्चं किंवा तडा गेलेलं. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावीत, मग सावलीत निथळून उन्हात वाळवावीत. विरजणाचं मडकं हवं असेल तर त्यात एकदा भाताची पेज उकळून घ्यावी म्हणजे झिरपणं कमी होतं. भेट देताना मडक्यात चटणी भरून द्यायचा मोह होतो. करू नये. कोरी माती तेल शोषते आणि आठवड्याभरात खवट वास धरते.

खानापुराहून नंदगडमार्गे हलशी गाठली तर दिवस भरतो. १८३१ साली संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिली ते नंदगड हेच. हलशी कदंबांची दुसरी राजधानी होती. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह आणि समोर नरसिंह-नारायण. देवळात दुपारीही फरशी गार असते, मोजे घालूनच जावं. डब्याला दहीबुत्ती नेताना भात दुधात कालवून वर दोनच चमचे विरजण लावावं. सकाळी आठला कालवलेली बुत्ती दुपारी एकपर्यंत बरोबर लागते. थंडीत थेट दही घातलं तर भात घट्ट गोळा होऊन बसतो.

याच पट्ट्यात, खानापूर ते हल्याळ, सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कौदी, म्हणजे गोधडी, शिवतात. आपल्याकडची वाकळ थर एकावर एक पसरून शिवतात. सिद्दी कौदी कडेपासून सुरू होते, चारी बाजूंनी फिरत फिरत तुकडे जोडत मधोमध येऊन संपते. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची छोटी फुलं बसवतात. ती नसली तर कौदी उघडी मानली जाते. बाळाच्या बोरन्हाणाला देण्यासाठी एक मीटर बाय पाऊण मीटरची कौदी दोघांना दीड महिन्यात सहज जमते, एकानं कापड कापून दाबत जायचं आणि दुसऱ्यानं धावदोरा घालायचा. टाके अर्ध्या इंचाच्या आतले हवेत, बाळाची बोटं अडकायला नकोत. पाठीला आणि आतल्या थराला जुनी सुती साडीच घ्यावी. नवं कापड न धुता लावलं तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि सगळी कौदी चुरगळते. सिंथेटिक साडी तर दोऱ्याखालून सरकतच राहते. तुकड्यांसाठी शहापूर-वडगावच्या साड्यांचे किंवा गुळेदगुड्ड खणाचे उरलेले काठ मिळाले तर उत्तम. फक्त जरीचा धागा बाळाच्या अंगाला लागेल असा नको.

गोकाकला लोक डिसेंबरात धबधबा बघायला जातात आणि हिरमुसून येतात. ५२ मीटरचा तो कडा बघायचा तर जुलै ते सप्टेंबर. थंडीत घटप्रभेची कड्यावरून एखाददुसरी धार पडते. पण काठावरची जुनी चालुक्य पद्धतीची देवळं निवांत बघायला हीच वेळ बरी, आणि करदंट खायलाही. दुकानातलं करदंट आणावं, चव जिभेवर ठेवावी आणि घरी करून बघावं. पाव किलो गूळ, १०० ग्रॅम डिंक, २०० ग्रॅम बिया काढलेली खारीक, १०० ग्रॅम सुकं खोबरं, दीडशे ग्रॅम काजू-बदाम, दोन चमचे खसखस, जायफळ आणि तळणीसकट साधारण १०० ग्रॅम तूप. डिंकाचे खडे हरभऱ्याएवढे फोडून मध्यम आचेवर थोडे थोडे तळायचे. मोठा खडा वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि खाणाऱ्याच्या दाढेला चिकटतो. तुपाची आच फार तापली तर बाहेरून करपून आत तसाच. गुळाचा पाक पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी झाली की लगेच उतरवावा. तडतडीत होईपर्यंत थांबलं तर करदंट न होता चिक्की होते. सगळं मिसळून थाळीत थापायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून एकानं पाक बघावा आणि दुसऱ्यानं बाकीचं सगळं गरम पातेल्यात कालवून तयार ठेवावं. गार सुक्यामेव्यावर पाक पडला की जागेवर थिजतो. वड्या कोमट असतानाच कापाव्यात.

संकेश्वरची फेरी अर्ध्या दिवसाची. तिथं नेत्राला सुखवणारं फार काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गूळ आणि मिरची, एवढ्यासाठीच जायचं. तिथून पुढं चिकोडी-निपाणीच्या बाजूला गुऱ्हाळं चालू असतात. काहिलीखाली चिपाडाचा जाळ, वर भेंडीच्या चिकानं काढलेली मळी. गूळ पिवळाधमक दिसला तर पुढं जावं. रसायनानं उजळलेला असण्याची शक्यता जास्त. तपकिरी, नखानं खरवडला तर रवाळ निघणारा आणि जिभेवर खारट न लागणारा गूळ घ्यावा. बाटलीभर काकवीही. संकेश्वरी मिरची तिखटासाठी, ब्याडगी मिरची रंगासाठी. चटणीला दोन्ही निम्मी निम्मी.

शेंगाचटणी ही बेळगावकडची सगळ्यात खपणारी भेट, आणि सगळ्यात बिघडणारीही. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर वीस मिनिटं भाजायचे, घाई केली तर साल काळं आणि दाणा कच्चा. १५ लसणाच्या पाकळ्या कोरड्या तव्यावर ओल जाईपर्यंत परतायच्या, कारण चटणी नासते ती लसणाच्या पाण्यानं. एक चमचा जिरं, दोन मोठे चमचे तिखट, मीठ. उखळात कुटली तर सर्वांत छान. मिक्सर असेल तर बटण सलग दाबून धरायचं नाही, थांबून थांबून चार-पाच वेळा. नाहीतर दाण्याचं तेल सुटून लगदा होतो. तिच्या जोडीला सज्जाच्या, म्हणजे बाजरीच्या, कडक भाकरी द्याव्यात. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, वर तीळ दाबायचे, भाकरी कागदासारखी पातळ थापून मंद तव्यावर कापडानं दाबत भाजायची. मग गरम तव्याच्या कडेला टेकवून उभी वाळवायची. मधोमध किंचित जरी जाड राहिली तरी तिथं ओल धरते आणि आठ दिवसांत बुरशी दिसते. मोडल्यावर मधोमधही टचकन आवाज आला तरच डब्यात भरायची.

ही चटणी-भाकरी खरी लागते वेळ अमावास्येला, आणि त्या दिवशी शेतावरचं बोलावणं असेल तर बाकी सगळे बेत मोडावेत. कानडी घरांत तिला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. जोंधळा कणसात आलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. रानात पाच दगड पांडव म्हणून मांडून चुना लावून पुजतात, आणि वाढलेल्या जेवणातलं थोडं चौफेर शेतात उधळतात, तो चरग. जेवण म्हणजे सज्जाची नि जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, अंबाडीची भाजी, झुणक्याच्या वड्या, जवस आणि कारळाची चटणी, कडबू, हुग्गी, बुत्ती. पाहुणे म्हणून जाताना गोड नेऊ नये, तिथं गोड मुबलक असतं. घरचं लोणी न्यावं, केळीच्या पानात गुंडाळून. आणि तिथल्या आजींना आधी विचारूनच पानावर बसावं. पहिली पंगत कुणाची हे ज्याच्या त्याच्या घरात ठरलेलं असतं. पश्चिमेकडं असाल तर बांधावर रताळी भाजायला मिळतात. जाळात टाकू नयेत, निखारा राखेनं झाकून त्यात पाऊण तास पुरावीत.

नाताळाला बेळगावच्या कॅम्पात एक चक्कर संध्याकाळची, तारे आणि येशूजन्माचे गोठे बघायला. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नेवऱ्या, दोदोल, कुलकुलांचं ताट आलं तर ते रिकामं परत जात नाही. करदंट याच वेळी कामाला येतं. कुलकुलं घरी करायची तर दोघं हवीतच: पाव किलो मैदा, दोन चमचे रवा, नारळाचं घट्ट दूध, एकानं सुपारीएवढे गोळे करायचे, दुसऱ्यानं काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायचे. तोंड नीट दाबलं नाही तर तेलात उलगडतात. ३१ तारखेला कॅम्पात ‘ओल्ड मॅन’ विकायला उभे असतात, जुने कपडे घालून पेंढा-कागद भरलेले. मध्यरात्री जाळतात. पोटात फटाके असतात, त्यामुळं विकत आणलेला म्हातारा दारात उभा करून शेजारी अगरबत्ती लावायची नाही, एवढं बघावं.

आता हलवा. साहित्य हास्यास्पद कमी: दोन मोठे चमचे पांढरे तीळ, अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी. तीळ चाळून, काडी-कचरा काढून, जेमतेम गरम होतील इतकेच भाजायचे. साखर-पाणी उकळलं की एक चमचा दूध घालून वर येणारी मळी काढायची आणि पाक पंचातून गाळायचा. पाक एकतारीच्या जरा अलीकडं थांबवावा. फार घट्ट झाला तर दाण्यावर न बसता परातीत पिठी होते. फार पातळ राहिला तर आधीचा थरच विरघळतो. वाटीत ठेवलेला पाक साखरून बसतो म्हणून लोक लिंबू पिळतात. दोन-तीन थेंब ठीक, त्यापुढं गेलं तर पाक साखरत नाही तसा हलवाही कोरडा होत नाही, बोटाला चिकट लागत राहतो. सगळा पाक एकदम करून ठेवण्यापेक्षा रोजच्या रोज थोडा करावा.

मातीची शेगडी, कोळशाचा निखारा राखेनं झाकलेला, वर सपाट बुडाची परात. शेगडी पडवीत, दारं उघडी ठेवून. बंद खोलीत कोळसा जीवावर बेततो. गॅसवर करायचं तर बारीक बर्नर, त्यावर जाड तवा, तव्यावर परात. परातीला हात लावून ठेवता येईल एवढीच ऊब हवी. तिळांवर अर्धा चहाचा चमचा पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी सगळे दाणे हलके फिरवत राहायचं, कोरडे होईपर्यंत. मग पुन्हा अर्धा चमचा. पहिल्या सकाळी काहीच होत नाही. तीळ नुसते पांढरट, गुळगुळीत होतात आणि दोघांपैकी एकजण हमखास ‘बाजारातनं आणूया की’ म्हणतो. काटा दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी येतो. पाकातलं पाणी उडताना साखर आधी उंचवट्यावर धरते, पुढचा थर त्याच टोकावर चढतो, असं करत टोक वाढत जातं. म्हणूनच हात हलका हवा. जोरात चोळलं की टोकं मोडतात आणि पिठी पडते. जास्त पाक ओतला की दाणे एकमेकांना धरून गठ्ठा होतो. तो लगेच बोटांनी सोडवला तर वाचतो, वाळल्यावर नाही. आच वाढली की हलवा पिवळा पडतो, आणि पिवळा पडलेला पुन्हा पांढरा होत नाही. दर सकाळी सुरू करण्याआधी चाळणीनं पिठी काढून टाकावी, नाहीतर तीच दाण्यांवर बसून काटे बुजवते. तिळाचा वास लागलेली ती साखर चहाला छान.

हवेचं महत्त्व इथं कळतं. बेळगावात थंडीतल्या काही सकाळी धुकं असतं. त्या दिवशी परात काढूच नये, ओल्या हवेत टोकं मऊ पडतात. कोरडी, बोचरी सकाळ बघून बसावं. पंख्याखालीही नको, पाक दाण्यावर पसरायच्या आत वाळतो. एकानं पाक सोडायचा, दुसऱ्यानं फिरवायचं, आणि अर्ध्या तासानं अदलाबदल, कारण बोटं भाजत नाहीत पण दुखतात. ज्याचा हात जास्त गरम आणि घामट त्यानं पाकावरच राहावं, हे भांडण न करता ठरवून टाकावं.

दागिन्यांसाठी तिळाबरोबर साबुदाणा, भोपळ्याच्या बिया आणि लवंगा यांचाही थोडा हलवा करून ठेवावा. तीळ बारीक ओवायला, साबुदाणा माळेला, बी मोठ्या पदकाला, लवंग लोंबत्या झुबक्याला. हलवा सुईनं टोचायचा नसतो, तडकतो. दुहेरी दोऱ्यात दाणा धरून मागं-पुढं गाठ मारत जायचं; काटे असल्यानं दोरा खाचेत बसतो आणि सरकत नाही, गुळगुळीत दाणा मात्र सुटतो. पुठ्ठ्यावर काळं कापड, त्यावर जरीची कड, त्यावर ओवलेली माळ टाके घालून बसवायची. पहिल्या संक्रांतीच्या सुनेला मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, बिंदी. जावईबापूंना हार आणि नारळ. गोंदानं चिकटवलेला हलवा खायचा नाही, हे देतानाच सांगावं. बाळाच्या दागिन्यांना फक्त मोठे दाणे, तेही फोटो झाला की काढून ठेवायचे. बाळ पहिली गोष्ट तोंडातच घालतं. तयार दागिने हवाबंद डब्यात, आणि डबा पाण्याच्या थाळीत, मुंग्यांसाठी.

कुंदा आणि मांडे या बेळगावच्या गोड पदार्थांबद्दल थोडक्यात. मांडे विकत घ्यावेत. हातावर कोपरापर्यंत ताणून उलट्या तापल्या भांड्यावर टाकायचं ते काम वर्षानुवर्षांच्या सरावाचं आहे. कुंदा मात्र जमतो: एक लिटर म्हशीचं दूध निम्मं आटलं की दोन चमचे दही घालून रवाळ फोडायचं, मग दीडशे ग्रॅम साखर, त्यातली दोन चमचे वेगळी जाळून तांबूस केलेली. दही आधी घातलं तर रवा न होता चिवट पनीर होतं. तास-पाऊण तास हात थांबवायचा नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि सज्जाची भाकरी, संक्रांतीला शेंगापोळी. दोन वाट्या भाजलेल्या दाण्याचं कूट, दीड वाटी किसलेला गूळ, दोन चमचे भाजलेली खसखस, वेलची. सारण मळून लाटीइतकंच मऊ व्हायला हवं. पोळी फाटते ती बहुतेक वेळा सारणात गुळाचे खडे राहिल्यानं किंवा कूट तेलकट झाल्यानं. आवरणाला दोन वाट्या कणीक-मैदा निम्मा निम्मा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, अर्धा तास झाकून. तांदळाच्या पिठीवर लाटायची. एखादी फुटून गूळ तव्यावर आला तर ओल्या फडक्यानं तवा लगेच पुसावा, नाहीतर पुढच्या सगळ्या पोळ्यांना करपट वास लागतो. पुण्याला किंवा बंगळूरला मुलांकडं पाठवायच्या असतील तर पूर्ण गार झाल्यावरच भराव्यात, दर दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर, डबा स्टीलचा आणि काठोकाठ भरलेला, म्हणजे बसच्या धक्क्यात कडा मोडत नाहीत. दहा दिवस टिकतात. त्याच पिशवीत लोणच्याची बरणी मात्र देऊ नये, कितीही घट्ट लावली तरी ती निपाणीच्या आत गळते.